मुलाच्या दिवसाची किंमत: कागलची दोन मुलं आणि वर्गाचा हिशेब

एखादं घर श्रीमंत की गरीब, हे आपण कशावरून ठरवतो? जमीन किती, घर पक्कं की कच्चं, दारात गाडी कोणती, बाईच्या अंगावर सोनं किती. पण ज्या घरात मुलं वाढत असतात तिथे आणखी एक माप लागू पडतं आणि ते या सगळ्यांपेक्षा खरं आहे. एक पैसाही न कमावता मुलाने किती वर्षं राहिलेलं त्या घराला परवडतं? या एका प्रश्नाच्या उत्तरात घराचा वर्ग कळतो. हे समजून घ्यायला कागलचा इतिहास उपयोगी पडतो.

कोल्हापूरहून बेंगळुरूच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर कागल येतं. गैबी पिराचा दर्गा आणि घाटग्यांची जहागीर ही गावाची जुनी ओळख. या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ साली आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. पण गादीवर बसायला १८९४ साल उजाडलं. मधली दहा वर्षं त्यांनी काय केलं? शिकले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला फ्रेजर यांच्या हाताखाली. आई-वडील लहानपणीच गेले, ते दुःख वाट्याला आलंच. मात्र उद्याच्या भाकरीसाठी त्यांच्या हातांची गरज कुणाला नव्हती.

त्यानंतर ६१ वर्षांनी, १९३५ साली, याच कागलात आनंद यादव जन्मले. घर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं. पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झालेल्या या लेखकाने १९८७ साली ‘झोंबी’ हे आत्मकथन लिहिलं. १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाचवीत असताना वडिलांनी त्यांची शाळा सोडवली आणि शेतावर जुंपलं. पोराला शिकायचं होतं, आईलाही ते पटत होतं, पण नवऱ्यापुढे तिचं चालत नव्हतं. शेवटी मायलेकरं गावातल्या दत्ताजीराव देसाई सरकारांकडे गेली. सरकारांनी खडसावलं तेव्हा वडील तयार झाले, तेही अटींवर. दिवस उगवताच शेतात हजर व्हायचं, अकरापर्यंत पाणी पाजायचं, मग शाळा. शाळा सुटली की तासभर गुरं राखायची. शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

या अटी नीट वाचल्या तर तो एक करार दिसतो. मुलाच्या दिवसातले किती तास घराचे आणि किती त्याचे स्वतःचे, याची ती वाटणी आहे. शाळेची फी हा त्यातला सगळ्यात लहान मुद्दा होता. खरी किंमत होती ती पोर शाळेत बसल्यावर जे काम पडून राहणार त्याची.

ही गोष्ट महात्मा फुल्यांनी फार आधी सांगितली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट केलं की शेतकऱ्याला गुरांमागे आणि शेतात मुलांची गरज लागते, म्हणून ती शाळेत येत नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती मानली नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

शाहू महाराजांनी काय केलं, ते या हिशेबातून पाहिलं पाहिजे. त्यांनी एकेक खर्च वेगळा काढला. पहिला खर्च राहण्याजेवण्याचा. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात ठेवायचं तर खानावळ कोण भरणार? त्यासाठी १९०१ पासून वसतिगृहं सुरू झाली. मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी रांगच लागली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि तिचं मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. सोसायटीचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. दुसरा खर्च फीचा. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं. तिसरा खर्च मुलाच्या श्रमाचा, आणि तो सगळ्यात अवघड. त्यावर उपाय म्हणून शिक्षण सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला.

हा दंड गरिबाला जाचक होता, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. पण पोराचं शेतातलं काम सहज दिसतं आणि त्याचं अज्ञान उशिरा दिसतं. राजाने त्या अज्ञानालाही आजच्या आज किंमत लावली. याच काळात, १९१८ साली, त्यांनी महार वतन रद्द केलं. त्या वतनात अख्खं घरच गावकीला बांधलेलं असे. कधी बोलावणं येईल याचा नेम नाही, तिथे मुलाचा दिवस त्याच्या बापाच्याही मालकीचा नव्हता. दोनच वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, कागल जहागिरीतल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या शिक्षणामागे लष्करात सुभेदार असलेले वडील होते आणि बडोद्याची शिष्यवृत्ती होती. म्हणजे त्यांनाही न कमावता शिकण्याची वर्षं कुणीतरी मिळवून दिली होती.

आता आपल्या घरात डोकावू. दख्खनच्या गावगाड्यात मुसलमान एकजिनसी कधीच नव्हते. इनामदार, जहागीरदार, काझी यांच्याकडे जमीन किंवा वतन असे. मुलाणी गावाचा बकरा कापून बलुतं घेई. पिंजारी कापूस पिंजे, बागवान भाजी-फळं विके, शिकलगार हत्यारांना धार लावी. या घरांत मूल हाताशी आलं की बापाशेजारी बसायचं. तोच त्याचा मदरसा आणि तीच त्याची कमाई. इस्लाममध्ये जात नाही असं आपण अभिमानाने सांगतो, पण शाळेच्या हजेरीपटावर आधी कुणाचं नाव लागलं हे पाहिलं की वर्ग दिसायला लागतो.

फुल्यांच्या त्याच निवेदनात मुसलमान या शाळांपासून लांब राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची आवड दिसत नाही, अशीही नोंद आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत फुल्यांनी कारण गरिबीत शोधलं, आमच्या बाबतीत मात्र ते आवडीत सापडलं. हा फरक आजपर्यंत टिकून आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे ६ ते १४ वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळली होती. यावर ‘यांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ हे वाक्य तयार असतं. गॅरेजमध्ये पाना उचलून देणारा चौदा वर्षांचा पोरगा आठवड्याला घरी काय देतो आणि तो शाळेत गेला तर ते कोण देईल, हे मात्र विचारलं जात नाही. त्याच्या बहिणीचं काम तर कुठल्याच रकान्यात येत नाही. ती घरी धाकट्याला कडेवर घेते, म्हणून आई कामाला जाऊ शकते.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण. ही सोय चौदाव्या वर्षी संपते. माप मात्र तोवर पुढे सरकलं आहे. आता बारावी, मग क्लास, मग पदवी, मग स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली. पंचविशीपर्यंत मुलाला बसवून खाऊ घालणं ज्या घराला जमतं, तेच आज वरच्या वर्गात मोडतं, मग त्याच्याकडे एक गुंठाही जमीन नसो.

म्हणून जमातीत शिक्षणासाठी वर्गणी काढताना एक विचार व्हावा. बक्षीस समारंभ, गुणवंतांचा सत्कार, वह्यावाटप हे सगळं जो मुलगा शाळेत टिकला त्याच्यासाठी असतं. दहावीनंतर ज्याला गॅरेजवर जावं लागणार आहे, त्याच्या घरी दोन-तीन वर्षं पगाराइतकी रक्कम पोहोचवता आली तर जकातीचा याहून चांगला उपयोग कोणता? १९०६ च्या बोर्डिंगने मुलाच्या ताटाचा खर्च उचलला होता. त्याने घरी आणलेल्या पैशाची भरपाई अजून कुणीच केलेली नाही.