निरोगी बाळांच्या छातीतील ‘आजारी’ सावली

१/ १९०७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे आल्फ्रेड फ्रीडलँडर या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाच्या छातीवर क्ष-किरणांचा उपचार केला. निदान होते, थायमस ग्रंथी वाढल्याचे. पुढील काही दशकांत हजारो बालकांवर हाच उपचार झाला. त्यांपैकी बहुतेकांची ग्रंथी अगदी योग्य आकाराची होती. चुकले होते ते माप. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ थायमस छातीच्या मधल्या हाडामागे असते. बालपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. रोगप्रतिकारशक्तीतील तिचे कार्य जॅक मिलर यांनी दाखवून दिले ते १९६१ मध्ये. तोवर ती एक गूढ ग्रंथीच होती आणि गूढ अवयवावर आळ घेणे सोपे असते!

३/ धडधाकट बाळ अचानक दगावले की शवविच्छेदनात थायमस मोठी दिसे. ती श्वासनलिका दाबते, असे काहींचे मत. व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी १८८९ मध्ये निराळे मांडले: अशा मुलांची प्रकृतीच सदोष असते आणि मोठी थायमस हे तिचे लक्षण. या कल्पित विकाराला ‘स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस’ असे भारदस्त नावही लाभले.

४/ पण मोठी म्हणजे कोणाच्या तुलनेत? खरी मेख इथे आहे. विच्छेदनाच्या टेबलावर येणारी शरीरे प्रामुख्याने गरिबांची असत. ब्रिटनमध्ये तर १८३२च्या कायद्याने अनाथालये व दरिद्रालयांतील बेवारस प्रेते वैद्यकशाळांना मिळू लागली. दीर्घ उपासमार आणि आजारपण यांनी थायमस झिजते. ती झिजलेली ग्रंथी ‘सामान्य’ ठरली. अकस्मात मरण पावलेल्या सुदृढ बाळाची ग्रंथी झिजायला अवधीच मिळालेला नसे. म्हणून ती रोगट ठरली.

५/ क्ष-किरणांनी या चुकीला आकड्यांचा रुबाब दिला. पण त्या चित्रात दिसते ती सावली. दिव्यासमोर हात धरा: हात भिंतीपासून जितका दूर, तितकी सावली मोठी. बाळाला पाठीवर निजवून वरून किरण सोडले, की छातीच्या पुढच्या भागातील थायमस काचेपासून लांब राहते आणि फुगलेली दिसते. शिवाय श्वास सोडताना ही सावली रुंदावते, घेताना अरुंद होते. रडणाऱ्या बाळाची एका मिनिटातील दोन चित्रे दोन निदाने देऊ शकत.

६/ शंका घेणारे नव्हते असे नाही. फ्रीडलेबेन यांनी १८५८ मध्येच ‘थायमसचा दमा’ ही कल्पना नाकारली होती. १९३१ मध्ये यंग आणि टर्नबुल यांच्या ब्रिटिश अहवालानेही या विकाराला पुरावा नसल्याचे सांगितले. अमेरिकेत उपचार तरीही सुरूच राहिला.

७/ १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांच्या नोंदी तपासल्या. सुमारे एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी किरण दिलेले होते. थायरॉइड गळ्यात असते, किरणांच्या वाटेतच.

८/ ही कथा बहुधा ‘घातक यंत्राची’ म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धसत्य वाटते. किरणांची इजा खरीच. पण त्या बाळांना यंत्राखाली नेले ते एका कोष्टकाने. आज सीटी स्कॅनवर मिलिमीटरपर्यंत माप मिळते. शेजारी छापलेला ‘सामान्य’ आकडा कोणाच्या शरीरांवरून आला, हे चित्र सांगत नाही.

९/ १९७०च्या दशकात अमेरिकेत बालपणी असे किरणोपचार झालेल्यांचा शोध घेऊन त्यांना थायरॉइडच्या तपासणीसाठी बोलावण्यात आले. ती बाळे आता तीस-चाळीस वर्षांची झाली होती. तान्हेपणीचा उपचार कोणाला आठवणार? अनेकांना तो आईवडिलांनाच विचारावा लागणार होता.