गंगा-जमुना वस्तीवरील पोलीस कारवाई आणि २०० मीटरची मर्यादा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नागपूरच्या इतवारी परिसरातील गंगा-जमुना ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची जुनी वस्ती होय. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांच्या आदेशाने येथील व्यवसाय बंद करण्यात आला. या कारवाईचा कायदेशीर पाया तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायद्याची चौकट :
१९५० च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून भारताने १९५६ मध्ये अनैतिक व्यापारविरोधी कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीने तो ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हा कायदा देहविक्रयास मुळात गुन्हा मानीत नाही. कुंटणखाना चालविणे व दलाली हे मात्र गुन्हे आहेत. तथापि कलम ७ नुसार प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, वसतिगृह अथवा रुग्णालयापासून २०० मीटरच्या आत देहविक्रय करणारी स्त्रीदेखील तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरते. नागपूरच्या कारवाईस याच कलमाचा आधार देण्यात आला.

विवेचन :
मंदिरे, मशिदी व शाळा यांनी गजबजलेल्या जुन्या शहरात या मर्यादेबाहेरचे घर सापडणे कठीणच. परिणामी व्यवसाय कायद्याने निषिद्ध नसला, तरी तेथील जागा निषिद्ध ठरते आणि तो निर्णय बव्हंशी पोलिसांच्या हाती राहतो.

निष्कर्ष :
छाप्यांच्या वेळी स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना अटक वा दंड करू नये, त्यांचा छळ होऊ नये, अशी समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात नमूद आहे. कलम ७ मात्र कायम आहे. त्यामुळे पर्यायी निवारा व उपजीविका यांची तरतूद झाल्याखेरीज वस्ती बंद करण्याचा अर्थ त्या स्त्रियांना बेघर करणे एवढाच उरतो.