कौशल्याच्या दारावर कोण उभे आहे?

उद्योगांनी आपल्या कामगारांना स्वतः शिकवावे, ही कल्पना आज नवी म्हणून सांगितली जाते. ती नवी नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती गिरणीमालकांच्या पाठबळावर. जमशेदपूरला पोलाद कारखान्याने १९२१ साली आपली तांत्रिक संस्था काढली. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. या शिक्षणाच्या दारावर कोण उभे होते?

गिरणीतल्या साध्या कामगाराला साचा चालवायला कुठलीही शाळा शिकवीत नव्हती. ते कसब भाऊबंदांकडून आणि गाववाल्यांकडून मिळे; भरती जॉबरच्या हाती असे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड त्या सुताला लागेल म्हणून साचेखाते त्याला बंद होते. जास्त मजुरी नेमकी तिथेच होती. अस्पृश्याच्या वाट्याला रिंगखात्यासारखी कमी मजुरीची कामे आली. यंत्र जात पाळत नाही, हे खरे. पण यंत्रापर्यंत पोहोचू न देणारा माणूस जात पाळीत होता, आणि तोही कामगारच होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो म्हणूनच.

१९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. युद्धकामासाठी कारागीर तयार करणारी तंत्रप्रशिक्षण योजना त्यांच्या खात्याकडे होती. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांसाठी केवळ नोकऱ्या मागितल्या नाहीत, तांत्रिक शिक्षणाची सोयही मागितली. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध औद्योगिकीकरणाशी आणि औद्योगिकीकरणाचा संबंध दारिद्र्यमुक्तीशी जोडला. या दोन्ही गोष्टी मी एकत्र वाचतो. वीज आली आणि ती हाताळणारे हात मात्र जुन्याच जातींचे राहिले, तर दलिताच्या घरी दिवा लागेल. त्याची मजुरी बदलणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातूनच आयटीआयचे जाळे विणले गेले. फिटर, टर्नर, वायरमन हे शब्द आपल्या वस्त्यांत आले. बापाचा धंदा सांगणारी ओळख मागे पडून स्वतःच्या हाताची ओळख आली. ही क्रांती लहान नव्हे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्यांवर शिकवण्याचे बंधन घालतो. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात ३-अ हे कलम आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखीव झाल्या. खाजगी कारखान्याच्या दारातून आत जाणारी राखीव जागा आपल्या कायद्यात दुर्मिळ आहे. तरीही तिच्याविषयी आपल्या चळवळीत फार थोडे बोलले जाते.

मात्र ही जागा शिकण्यापुरती आहे. शिकून झालेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन त्या कायद्याने मालकावर घातले नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे आहे. म्हणजे वर्गाचे दार कायद्याने उघडले, खात्याचे दार मालकाच्या मर्जीवर राहिले.

उद्योगांनी प्रशिक्षण चालवण्याला माझा विरोध नाही. प्रत्यक्ष यंत्रावर शिकलेला हातच पक्का होतो. पण अशा प्रत्येक केंद्राला आपण दोन आकडे मागितले पाहिजेत : राखीव जागांवर किती जण शिकले, आणि त्यांपैकी किती जणांना काम मिळाले? पहिला आकडा सांगून दुसरा लपवणाऱ्याला साचेखात्याचा इतिहास ऐकवावा.