पोटातलं पाणी, छातीतला दम

जेऊर हे करमाळा तालुक्यातलं रेल्वेस्टेशन. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली ती याच वाटेनं, आणि गावात न आटोपणारं दुखणं आजही याच मार्गानं सोलापूरला किंवा पुण्याला जातं. त्यातलंच एक म्हणजे ‘पोटात पाणी होणं’. पोट तट्ट फुगतं, पाय सुजतात. पण माणूस हैराण होतो तो दम लागल्यानं. घरचे छातीचा डॉक्टर शोधतात, दोष असतो यकृताचा.

त्याआधी बऱ्याचदा कावीळ उतरवणाऱ्याची फेरी होते. नाकात देवडांगरीचा रस पिळायचा, पिवळं पाणी गळालं की कावीळ गेली! दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, त्याचं श्रेय या रसाला मिळतं. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होऊन बिघडतं तेव्हा, मात्र नुसते महिने वाया जातात.

जुन्या शास्त्राची नजर याहून कितीतरी पक्की होती. सुश्रुतसंहितेत जलोदराचं, म्हणजे पोटात साठलेलं, पाणी काढण्याची रीत आहे: बेंबीखाली डाव्या बाजूला व्रीहिमुख शस्त्रानं छेद घ्यायचा, दुतोंडी नळी बसवायची आणि पाणी थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून काढायचं. एकदम काढलं तर तहान, ताप, अंगदुखी, खोकला आणि श्वास उद्भवतो, अशी ताकीदही आहे. पाणी निघाल्यावर पोट लोकर, रेशीम किंवा कातड्यानं घट्ट बांधायचं, आणि पुढे सहा महिने दुधावर राहायचं.

डॉक्टर आजही सुई बहुधा डाव्या कुशीतच घालतात. एकदम बरंच पाणी काढलं की रक्ताभिसरण ढासळतं, म्हणून शिरेतून अल्ब्युमिन द्यावं, हे बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून पाच लिटरपेक्षा जास्त पाणीही एका बैठकीत काढता येऊ लागलं.

पाण्यानं छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, कधी पडद्यातल्या बारीक छिद्रांतून ते छातीत, बहुधा उजवीकडे, उतरतं. हा झाला दम लागण्याचा ढोबळ प्रकार. दुसरा फसवा आहे. यकृत बिघडल्यानं फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे निघून जातं. दमेकऱ्याला उठून बसल्यावर बरं वाटतं. इथे उलट, बसलं की धाप वाढते, आडवं झालं की कमी होते. निळसर ओठांची अशी एक रुग्ण फ्ल्युकिगर या डॉक्टरांनी १८८४ मध्ये नोंदवली. ‘हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम’ हे नाव पडायला १९७७ उजाडलं. ऑक्सिजननं तात्पुरता आधार मिळतो, खरा इलाज यकृत बदलण्याचाच. तो झाला की फुप्फुसं बहुतेकदा काही महिन्यांत पूर्वपदावर येतात.

अशा अवयव प्रत्यारोपणाचा भारतातला १९९४ चा कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाच्या ठरावांवर उभा राहिला. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. तरीही २०१२ मध्ये माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना त्यासाठी मुंबईहून चेन्नईला न्यावं लागलं, आणि प्रत्यारोपण होण्याआधीच १४ ऑगस्टला त्यांचं निधन झालं.