मंदांसाठीचे रंग

नववीत मी बीजगणितात नापास झालो. ‘क्षची किंमत दुसऱ्या समीकरणात ठेवून’ हे वाक्य वहीत कितीदा तरी लिहिले. किंमत तिथेच का ठेवायची, हे मात्र उमगले नव्हते. ते उमगले चाळिशीनंतर, भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ एकट्याने लावताना.

हा ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग, ग्रंथकाल शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०. त्यातले एक उदाहरण असे : एक जण म्हणतो, मित्रा, मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे माझे तुझ्या सहापट होईल. दोघांचे धन किती?

आचार्य हे एकाच अव्यक्तात सोडवून दाखवतात. पहिल्याचे धन अव्यक्ताच्या दुपटीत शंभर कमी, दुसऱ्याचे अव्यक्तात शंभर अधिक असे मानले, की पहिली अट आपोआप पुरी होते. दुसऱ्या अटीवरून अव्यक्त ७० येते. धने ४० आणि १७०. सुरेख! पण असे मानायचे आधी सुचायला हवे. मला सुचले नसते.

न सुचणाऱ्यासाठी अनेकवर्ण समीकरणाची रीत आहे. पहिली अज्ञात राशी यावत्तावत्. पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळी, निळी, पिवळी, तांबडी. प्रत्येक समीकरणातून पहिल्या राशीचे मान काढायचे. येथे पहिल्या अटीवरून यावत्तावत् म्हणजे कालकाच्या दुपटीत ३०० कमी. दुसरीवरून, कालकात ७० मिळवून सहाने भागलेले. दोन्ही माने एकाच राशीची, म्हणून समान. त्यावरून कालक १७०. ते पहिल्या मानात घातले, की ३४० वजा ३००, म्हणजे ४०. या घालण्याला शब्द आहे ‘उत्थापन’, म्हणजे उठवणे. एक राशी कळली, की तिच्या आधाराने दुसरी उभी राहते. माझ्या वहीतल्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता.

अनेक वर्णांची ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची; ब्रह्मगुप्तांनी ती इ.स. ६२८ मध्ये सांगितली होती. मला मोलाचे वाटते ते आचार्यांचे एक प्रांजळ मत. खरे बीज म्हणजे बुद्धीच. रंगांची मदत पूर्वसूरींनी योजली ती मंदांना समजावे म्हणून, असे ते म्हणतात.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ती वाचताना वाटते, त्या मठातही मागच्या ओळीत कोणीतरी माझ्यासारखा बसला असेल. रीत त्याच्यासाठीच होती.