बर्फाची मोरी

फ्रीजच्या तक्रारींमध्ये एक तक्रार मोठी चमत्कारिक असते. कॉम्प्रेसर चालू असतो, फ्रीझर थंड असतो, पण त्याच्या तळाशी बर्फाची लादी साचत जाते. ती वितळवून काढली तरी काही दिवसांत पुन्हा तयार होते. पुढे खालच्या कप्प्यातले दूध नासू लागते. मग कोणी थर्मोस्टॅटची खुंटी पिरगाळतो, कोणी 'गॅस कमी झाला' असे निदान करतो, तर कोणी सुरीने बर्फ टोकरतो. दोष मात्र यांपैकी कशातच नसतो. वितळलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहिलेली नसते, एवढेच. घराला जशी मोरी लागते तशी बर्फालाही लागते. ही गोष्ट माणसाला फ्रीज येण्याच्या कितीतरी आधी शिकावी लागली होती.

१२ मे १८३३ रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज कलकत्त्याला निघाले. त्यात सुमारे १८० टन बर्फ होता. फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून उष्ण देशांत विकत असे. विषुववृत्त दोनदा ओलांडून सुमारे चार महिन्यांनी जहाज पोचले तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकन बर्फ मुंबईत आला. तो आणण्यात जहांगीर नसरवानजी वाडिया यांचा पुढाकार होता. पुढे मुंबईत लोकवर्गणीतून बर्फघर उभे राहिले. मद्रासचे १८४२ सालचे बर्फघर तर आजही मरीना किनाऱ्यावर 'विवेकानंद हाऊस' या नावाने उभे आहे.

'टस्कनी'वरचे सुमारे ८० टन बर्फाचे पाणी झाले. हा निव्वळ तोटा होता असे मात्र नाही. १७६० च्या सुमारास जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, बर्फ वितळताना त्याचे तापमान न वाढता तो पुष्कळ उष्णता शोषून घेतो. ही अप्रकट उष्णता म्हणजे १ ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. आत शिरलेली उष्णता वितळणाऱ्या बर्फाने शोषली, म्हणून उरलेला बर्फ टिकला. पण त्यासाठी एक अट होती. तयार झालेले पाणी लगेच काढून टाकावे लागे. बर्फाभोवती लाकडाचा भुसा भरलेला असे. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा ही उष्णतेची मंदवाहक. भुसा भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या सुमारे २० पट उष्णता वाहून नेते. म्हणूनच बर्फ साठवणाऱ्याला जाड भिंतींइतकीच निचऱ्याची काळजी असे. पुढे अमेरिकेतील घराघरांत बर्फाच्या पेट्या आल्या, तेव्हा प्रत्येक पेटीखाली पाण्याचे ताट असे. ते रोज ओतून टाकण्याचे काम घरातल्या कोणाच्या तरी वाट्याला येई.

ज्या १८३४ साली मुंबईत बर्फ उतरला, त्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. द्रवाची वाफ करायची, त्यासाठी लागणारी उष्णता थंड करायच्या वस्तूतून घ्यायची, मग ती वाफ दाबून पुन्हा द्रव करायचा, हे त्यातले तत्त्व. आजचे बहुतेक फ्रीज याच तत्त्वावर चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातही यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि बोस्टनचा व्यापार बसला. घरगुती फ्रीज विसाव्या शतकात आले. भारतात १९५८ साली गोदरेजने फ्रीज बनवायला सुरुवात केली.

यंत्र आले, बर्फ विकत आणायची गरज संपली. पण पाणी काही संपले नाही. आता ते हवेतून येऊ लागले. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ थंड कॉइलवर हिमाच्या रूपाने जमते. हिमाचा थर सच्छिद्र, म्हणजे पुन्हा भुशासारखाच मंदवाहक. तो जाड झाला की कॉइल हवेतली उष्णता घेऊ शकत नाही. जुन्या फ्रीजमध्ये म्हणूनच अधूनमधून यंत्र बंद करून हिम वितळवावे लागे. साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये ते आजही करावे लागते.

हिम नेमके किती जमते? सडक अर्जुनीचे उदाहरण घेऊ. गोंदिया जिल्ह्यातला हा तालुका तलावांच्या आणि धानाच्या प्रदेशात आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम वाफ असते. ऑगस्टमध्ये तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर हाच आकडा २४ ग्रॅम होतो. फ्रीझरच्या उणे १८ अंशांना हवेत जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते. ६० लिटरच्या फ्रीझरमधली सगळी हवा दिवसातून २० वेळा बदलली असे मानले, तर मे महिन्यात रोज सुमारे ११ ग्रॅम आणि ऑगस्टमध्ये सुमारे २८ ग्रॅम हिम जमेल. म्हणजे फ्रीझरच्या मोरीची खरी परीक्षा उन्हाळ्यात नसून, बांध्यांत पाणी साचलेले असते त्या दिवसांत असते. दाराचे रबर सैल असेल तर हे आकडे आणखी वाढतात.

'फ्रॉस्ट-फ्री' म्हणवणाऱ्या फ्रीजमध्ये हिम जमत नाही असे नाही. ते आपोआप वितळवले जाते. कॉइल फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड असते. ठरावीक काळाने टायमर कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर थोडा वेळ चालू करतो. पाणी कॉइलखालच्या पन्हळीत गळते, तिथल्या भोकातून नळीने मागे उतरते आणि कॉम्प्रेसरजवळच्या ताटात पडते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथे त्याची वाफ होते. बर्फाच्या पेटीखालचे जुने ताट असे यंत्राच्या पोटात गेले आणि ते ओतण्याचे काम संपले.

मात्र एक नवी अडचण आली. बर्फघराची मोरी उबदार बाजूला होती. फ्रीझरच्या मोरीचे तोंड यंत्राच्या सर्वांत थंड भागात आहे. हीटरची तापलेली हवा वर, कॉइलकडे जाते आणि भोक असते खाली. एरवी पाणी झरझर निघून जाते म्हणून गोठत नाही. पण नळीच्या खालच्या टोकाशी धूळ किंवा बुरशी साचली, तर थोडे पाणी भोकात थांबते आणि हीटर बंद होताच गोठते. पुढच्या वेळी बर्फाचा वरचा थर वितळतो, पण पाण्याला वाट नसते. तेही त्यावरच गोठते. असे थरावर थर चढून बर्फ कॉइलपर्यंत पोचतो आणि हवेचा मार्ग बुजतो. फ्रीझर काही काळ थंड राहतो, खालचा कप्पा मात्र तापू लागतो. त्यात दूधच असते असे नाही. मधुमेही माणसाचे इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा गुण कमी होतो आणि गोठले तर ते वापरताच येत नाही. 'थंडी कमी पडते' म्हणून खुंटी अंदाजाने पिरगाळणे म्हणूनच धोक्याचे.

उपाय कारणावर हवा. आधी प्लग काढावा. पडदा उघडल्यावर बर्फ कोमट पाण्याने वितळवावा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर मुळीच लावू नये. कॉइलला भोक पडले तर सगळा वायू जातो आणि हल्लीच्या अनेक फ्रीजमधला आयसोब्युटेन हा वायू ज्वलनशील आहे. मग बिनसुईच्या सिरिंजने भोकात कोमट पाणी सोडून ते मागच्या ताटात पोचते का, हे पाहावे. नाही पोचले तर नळीचे खालचे टोक साफ करावे. नुसता बर्फ वितळवून थांबले, तर लादी परत येणारच.

नळी साफ असूनही भोक गोठत असेल, तर जाणकार मेकॅनिक एक साधी युक्ती करतात. धातूच्या पट्टीचे एक टोक हीटरच्या धातूच्या आवरणाला अडकवून दुसरे भोकात सोडतात. ही युक्ती समजायला यान इंगेनहाऊझ यांचा प्रयोग पुरेसा आहे. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात हे १७७९ मध्ये दाखवणारे तेच हे शास्त्रज्ञ. निरनिराळ्या धातूंच्या मेण लावलेल्या सळयांची टोके गरम करून कोणत्या सळईवरचे मेण किती लांबवर वितळते, हे त्यांनी पाहिले. फ्रीझरमध्ये मेणाच्या जागी बर्फ आहे, एवढाच फरक. ३ मिलिमीटर जाडीची, ५ सेंटिमीटर लांबीची अॅल्युमिनियमची तार, दोन्ही टोकांच्या तापमानात ४० अंशांचा फरक असता, सुमारे १.३ वॅट उष्णता वाहून नेते. २० मिनिटांत तेवढ्याने ४ ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. भोक मोकळे ठेवायला तो पुरे. तांबे याहून चांगले वाहक, पण ओलाव्यात ते अॅल्युमिनियमच्या कॉइलला टेकले तर कॉइल गंजते. विजेच्या जोडण्यांजवळचे हे काम माहितगारानेच करावे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. दोन सारखे डबे घ्यावेत, एकाच्या बुडाला भोक पाडावे. दोन्हींत धानाचा कोंडा भरून मध्ये सारख्या वजनाचे बर्फाचे तुकडे ठेवावेत. दोन तासांनी उरलेला बर्फ तोलावा. कोणत्या डब्यात जास्त उरेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच फळ्यावर लिहून घ्यावा. थंडी राखायची तर उष्णतेला अडवावे लागते आणि पाण्याला सोडावे लागते. यांतला पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो. दुसरा तराजूवर पाहिलेला बरा.