मध्यरात्रीची धडधड

मेहकरच्या आमच्या घरात एका आषाढी एकादशीच्या रात्री आई दचकून उठली. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते, छाती धडधडत होती. 'कोनाची तरी नजर लागली वं माय,' म्हणत आजी मीठ-मोहऱ्या आणायला उठली. वडिलांनी साखरपाणी पाजलं आणि थोड्या वेळात आई सावरली. दिवसभराचा उपास आणि तरी नेहमीएवढंच घेतलेलं इन्सुलिन, एवढंच कारण. ती धडधड म्हणजे इन्सुलिनचा दुष्परिणाम, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. या औषधाचा इतिहास वाचला तेव्हा तो समज गेला.

टोरांटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर काम सुरू केलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचला गेला. अर्क शुद्ध करणाऱ्या कॉलिप यांना लगेचच दिसलं की मात्रा जास्त झाली की सशांना झटके येतात आणि ग्लुकोज दिलं की ते उठून बसतात. जीव वाचवणारं औषध साखर फार उतरवून जीवही घेऊ शकत होतं. मग शरीर स्वतःचा बचाव कसा करतं?

याचं उत्तर १९२४ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी मांजरांच्या हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या. आता हृदयाची गती वाढलीच, तर ती रक्तातून येणाऱ्या द्रव्यामुळेच. इन्सुलिनने साखर उतरली आणि हृदय धावू लागलं. ग्लुकोज देताच ते शांत झालं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी निकामी केल्यावर मात्र ते धावलं नाही. साखर घसरल्याची वर्दी मेंदूला मिळते, मेंदू या ग्रंथींना हाक देतो, त्या अॅड्रिनलिन सोडतात आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर मोकळी करतं.

याच ग्रंथींचं कॉर्टिसोल सावकाश पण दीर्घकाळ मदत करतं. १९३६ मध्ये लाँग आणि ल्यूकेन्स यांनी दाखवलं की स्वादुपिंड काढलेल्या मांजरांच्या अॅड्रिनल ग्रंथीही काढल्या, तर त्यांचा मधुमेह सौम्य होतो. इन्सुलिन साखर उतरवतं, अॅड्रिनल चढवतात; तराजूची ही दोन पारडी आहेत. म्हणूनच अॅड्रिनल निकामी झालेल्या ॲडिसनच्या रोगात इन्सुलिनची लहानशी मात्राही घातक ठरू शकते. डॉक्टरांनी या नात्याचा तपासणीसाठीही उपयोग केला: देखरेखीखाली इन्सुलिन देऊन साखर उतरवायची आणि कॉर्टिसोल वाढतं का ते पाहायचं.

म्हणजे आईची धडधड हा बिघाड नव्हता, ती राखणदाराची हाक होती. खरी भीती ती हाक बंद होण्याची. पुढे आईची साखर वारंवार उतरू लागली, तशी धडधड होईनाशी झाली. ती बोलता बोलता असंबद्ध व्हायची आणि तिला स्वतःला काही जाणवत नसे. साखर पुन्हापुन्हा उतरली की अॅड्रिनलचा प्रतिसाद मंदावतो, हे १९९० च्या दशकात अमेरिकेतले फिलिप क्रायर आणि इतरांच्या संशोधनातून स्पष्ट झालं. दिलासा असा की काही आठवडे साखर उतरू न दिल्यास ही जाणीव बरीचशी परत येते.

डॉक्टरांनी आईची मात्रा बदलली आणि उपासाच्या दिवसाची वेगळी ठरवून दिली. काही महिन्यांनी एका रात्री तिने मला हाक मारली, 'छाती धडधडते रे.' साखरेचा डबा शोधताना मला विलक्षण हायसं वाटत होतं.